पोत्यापासून मुळापर्यंत : पिकाच्या अन्नाचा प्रवास

मृग नक्षत्र जवळ आले की ग्रामीण भागातील शाखांमध्ये वर्दळ वाढू लागते. पीककर्जाची प्रकरणे हातावेगळी होतात, किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यांतून रकमा उचलल्या जातात आणि त्यांतील मोठा हिस्सा बियाणे व खतांच्या दुकानांकडे वळतो. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्ड योजनेत कर्जाची मर्यादा पीकनिहाय कर्जदरावरून ठरते आणि या कर्जदरात खतांचा खर्च गृहीत धरलेला असतो. खताचे पोते शेतात पोहोचले, पावती फाईलला लागली, की कागदोपत्री व्यवहार पूर्ण होतो. निसर्गाच्या दृष्टीने मात्र खरा व्यवहार त्यानंतर सुरू होतो. पोत्यातील अन्न मातीत मिसळते, मातीतून पाण्यात उतरते, पाण्यातून मुळापर्यंत जाते आणि मुळाचे दार ओलांडून पानात पोहोचते. या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर गळती आहे. कर्जाऊ रकमेतून घेतलेल्या खताचा किती भाग पिकाच्या अंगी लागला, यावर शेतकऱ्याचे उत्पन्न आणि पर्यायाने कर्जाची परतफेड अवलंबून असते. म्हणूनच हा प्रवास समजून घेणे शेतकरी ग्राहकांना आणि शेतीकर्जाचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना सारखेच उपयुक्त ठरावे.

मूळ माती खात नाही

वनस्पती माती खाऊन वाढतात, अशी समजूत फार प्राचीन काळापासून होती. ब्रसेल्सचे शास्त्रज्ञ यान बाप्तिस्त व्हान हेल्माँट यांनी तिची परीक्षा घेतली. त्यांनी एका कुंडीत २०० पौंड कोरडी माती घेऊन तीत ५ पौंड वजनाचे विलो वृक्षाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनंतर झाडाचे वजन १६९ पौंडांवर गेले होते. मातीचे वजन मात्र अवघे दोन औंस घटले होते. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड केवळ पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा त्यातील वाटा पुढे उलगडला. त्या दोन औंसांच्या घटीकडे हेल्माँट यांनी विशेष लक्ष दिले नाही. परंतु आज शेतकरी पोत्यांतून जे विकत घेतो, ते नेमके त्या किंचित घटीतील द्रव्य होय.

पिकाला एकूण १७ अन्नद्रव्यांची आवश्यकता असते. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीन हवा आणि पाण्यातून मिळतात. उरलेली १४ मुख्यत्वे मातीतून, मुळांवाटे घ्यावी लागतात. नत्र, स्फुरद व पालाश ही मुख्य; कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक ही दुय्यम; आणि लोह, मंगल, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. मात्रेने सूक्ष्म असली तरी यांपैकी एकाचेही काम दुसरे करू शकत नाही.

मूळ ही द्रव्ये प्रामुख्याने पाण्यात विरघळलेल्या, विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या रूपात घेते. नत्र नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात, स्फुरद फॉस्फेटच्या रूपात, तर पालाश पोटॅशियम आयनाच्या रूपात. मुळाशी आलेले नायट्रेट युरियातून आले की शेणखतातून, हा भेद मुळाला कळत नाही. मग शेणखताचे महत्त्व काय, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर पुढे येणार आहे.

एका थोर शास्त्रज्ञाचा फसलेला प्रयोग

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० साली शेतीच्या रसायनशास्त्रावरील आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि खनिज अन्नद्रव्यांचे महत्त्व जगापुढे ठासून मांडले. त्यानंतर त्यांनी स्वतःचे एक खत तयार करविले. पावसाच्या पाण्याने खत वाहून जाईल, ही चिंता त्यांना होती. म्हणून अन्नद्रव्ये चुन्यासह वितळवून पाण्यात सहजी न विरघळणारे असे खत बनविण्यात आले. ते शेतात टिकले खरे, पण पिकांना त्याचा उपयोग झाला नाही. जे पाण्यात उतरत नाही, ते मुळाला घेता येत नाही.

लीबिग यांची चिंता कितपत खरी होती, याचे उत्तर १८५० साली इंग्लंडमधील जॉन थॉमस वे यांच्या प्रयोगांनी दिले. मातीतून अमोनियाचे द्रावण गाळले असता अमोनिया मातीतच अडकून राहतो, हे त्यांनी दाखविले. चिकणमातीच्या कणांवर आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर ऋणभार असतो; त्यामुळे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित आयन त्यांना चिकटून राहतात आणि मुळांनी मागणी करताच हळूहळू पाण्यात उतरतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर मातीतील पाण्यात विरघळलेले अन्न ही हातातील रोकड, कणांना चिकटलेले अन्न ही बचत खात्यातील शिल्लक, तर खनिजांत बंदिस्त असलेले अन्न ही दीर्घ मुदतीची ठेव होय. जमिनीत एकूण साठा मोठा असूनही पीक उपाशी राहू शकते, त्याचे कारण हेच. मृदापरीक्षणात म्हणूनच एकूण साठा न मोजता ‘उपलब्ध’ अन्नद्रव्ये मोजली जातात.

मुळाकडे येणाऱ्या तीन वाटा

मातीतील अन्न मुळाच्या पृष्ठभागापर्यंत तीन वाटांनी येते. पहिली वाट म्हणजे मूळ स्वतः वाढत जाऊन अन्नाच्या कणाला भिडते. परंतु मुळांनी व्यापलेली जागा मातीच्या एकूण आकारमानाच्या मानाने फारच अल्प असल्याने या वाटेने मिळणारे अन्नही थोडेच असते.

दुसरी वाट पाण्याच्या प्रवाहाची. पानांतून बाष्प बाहेर पडते, त्या ओढीने जमिनीतील पाणी मुळांकडे सरकते आणि त्यात विरघळलेले अन्न सोबत येते. नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक यांचा मोठा भाग या वाटेने मिळतो. तिसरी वाट विसरणाची. मुळाने आपल्या भोवतीचे अन्न शोषून घेतले की तेथे त्याचे प्रमाण घटते आणि अधिक प्रमाण असलेल्या भागाकडून कण तिकडे सरकू लागतात. स्फुरद आणि पालाश यांचा भर या तिसऱ्या वाटेवर असतो. ही वाट अतिशय संथ आहे. स्फुरदाचा कण तर हंगामभरात जेमतेम काही मिलिमीटरच सरकतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की नत्र पाण्याबरोबर मुळाकडे चालत येते. स्फुरदाकडे मात्र मुळालाच चालत जावे लागते.

या चालण्यासाठी निसर्गाने मुळांना विलक्षण विस्तार दिला आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्ड डिटमर यांनी १९३७ साली राय या तृणधान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळे मोजली. त्यांच्या मोजणीनुसार एका लहानशा पेटीत वाढलेल्या त्या रोपाच्या मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरहून अधिक भरली. त्यांवरील मूलरोमांची संख्या सुमारे १,४०० कोटी आणि एकत्रित लांबी १०,००० किलोमीटरहून अधिक होती. मूलरोम म्हणजे मुळाच्या टोकामागील भागावर उगवणारे, केसासारखे बारीक तंतू. त्यांचे आयुष्य अल्प असते, त्यामुळे मूळ सतत वाढत राहणे अगत्याचे ठरते. घट्ट बसलेल्या, नांगराच्या तळाशी कठीण थर झालेल्या जमिनीत ही वाढ खुंटते आणि खत असूनही पीक त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

मुळांच्या मदतीला बुरशीही येते. बहुसंख्य भूवनस्पतींच्या मुळांशी मायकोरायझा नावाच्या बुरशीचे सहजीवन असते. बुरशीचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरील स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात पिकाकडून शर्करा घेतात. काही पिके स्वतःच्याच मुळांतून आम्ले पाझरवून बंदिस्त स्फुरद मोकळा करतात. तुरीच्या मुळांतून स्रवणारे पिसिडिक आम्ल लोहाशी जखडलेला स्फुरद सोडविते, हे हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील संशोधनातून १९९० साली प्रकाशात आले. ज्वारीत तुरीचे आंतरपीक घेणाऱ्या पूर्वजांना या आम्लाचे नाव ठाऊक नव्हते. पण तुरीनंतर जमीन ‘हलकी होते’ की ‘सुधारते’, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

दारावरील पहारा आणि वाफसा

अन्न मुळाच्या दारापर्यंत आले म्हणजे ते आत गेले, असे नव्हे. मुळाच्या पेशीचे पातळ आवरण आयनांना मुक्त प्रवेश देत नाही. या आवरणातील सूक्ष्म पंप हायड्रोजनचे आयन बाहेर फेकतात आणि त्यातून निर्माण झालेल्या विद्युतभाराच्या व आम्लतेच्या फरकावर अन्नद्रव्यांचे आयन ठराविक मार्गांनी आत घेतले जातात. मुळाच्या गाभ्याभोवती मेणासारख्या द्रव्याचा एक पट्टा असतो. रॉबर्ट कास्पारी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा पेशींच्या फटींतून होणारी चोरवाट बंद करतो. त्यामुळे आत जाणाऱ्या पाण्याला आणि अन्नाला जिवंत पेशीच्या परवानगीवाचून पुढे जाता येत नाही.

हे पंप चालविण्यास ऊर्जा लागते. ती पानांनी तयार केलेल्या शर्करेपासून, मुळांच्या श्वसनातून मिळते आणि श्वसनाला प्राणवायू हवा. मराठी शेतकऱ्याच्या बोलीतील ‘वाफसा’ हा शब्द येथे आपले संपूर्ण मोल दाखवितो. मातीच्या पोकळीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असणे, म्हणजे वाफसा. शेतात पाणी साचले की मातीतील हवा संपते, मुळांचे श्वसन मंदावते, पंप थांबतात आणि भोवती अन्न असतानाही पीक पिवळे पडते. अशा वेळी पिवळेपणा पाहून युरिया फेकणे म्हणजे आजारी माणसासमोर आणखी एक ताट वाढणे होय. तेथे गरज असते ती चर काढून पाण्याचा निचरा करण्याची. भाताचे पीक याला अपवाद आहे; त्याच्या खोडात व मुळांत हवेच्या नलिका असल्याने ते पाण्यात उभे राहूनही श्वास घेऊ शकते.

तीन द्रव्यांचे तीन स्वभाव

युरियात ४६ टक्के नत्र असते. २०१८ पासून युरियाचे पोते ४५ किलोचे झाले असून त्यात सुमारे २०.७ किलो नत्र येते. जमिनीत पडल्यावर काही दिवसांतच युरियाचे अमोनियममध्ये रूपांतर होते. खत चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीच्या पृष्ठभागावरच राहिले, तर त्यातील काही नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. उरलेल्या अमोनियमचे जिवाणू नायट्रेट बनवितात. नायट्रेट ऋणभारित असल्याने ऋणभारित मातीला ते चिकटत नाही. जोराच्या पावसात किंवा अतिसिंचनात ते मुळांच्या खाली निघून जाते आणि विहिरींच्या पाण्यात मिसळते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. पाणथळ जमिनीत तेच नायट्रेट वायुरूप होऊन हवेत जाते.

या गळतीमुळे दिलेल्या नत्रापैकी साधारणतः ३० ते ५० टक्केच त्या हंगामातील पिकाच्या उपयोगी पडते. मध्यम आकडा ४० टक्के धरला, तर पाच पोती युरियापैकी दोन पोत्यांइतकेच नत्र पिकात उतरते. उरलेल्यातील काही भाग सेंद्रिय रूपात जमिनीत राहतो, बाकीचा हवेत किंवा पाण्यात जातो. २०१५ साली देशात युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे करण्यात आले, त्यामागे नायट्रेट बनण्याची गती मंदावणे हाही हेतू होता.

स्फुरदाचा स्वभाव नेमका उलटा. तो वाहून जात नाही, तर जागच्या जागी अडकतो. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो कॅल्शियमशी, तर कोकण, गोवा व केरळातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी बांधला जातो. सामू साडेसहा ते सातच्या आसपास असताना तो सर्वाधिक मोकळा असतो. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला बहुधा १५ ते २० टक्केच मिळतो. पालाश या दोहोंच्या मधला. तो मातीच्या कणांना धरून राहतो आणि काही प्रमाणात खनिजांच्या पापुद्र्यांत शिरून बसतो. त्याचे खत भारताला जवळजवळ पूर्णपणे आयात करावे लागते, म्हणून त्याचा प्रत्येक किलो काळजीने वापरावयास हवा.

सर्वांत कमी ते निर्णायक

पिकाची वाढ जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी आहे, त्यावर ठरते. लीबिग यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा नियम त्यांच्या आधी कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडला होता. पिंपाच्या फळ्या कमी-अधिक उंचीच्या असतील, तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरते. हेच येथेही घडते.

भारतात या नियमाचा दाखला हिमालयाच्या पायथ्याशी तराईच्या प्रदेशात मिळाला. तेथील भाताची पाने तांबूस, काताच्या रंगाची होऊन रोपे खुरटत असत. शेतकरी या विकाराला ‘खैरा’ म्हणत. पंतनगर कृषी विद्यापीठातील डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले, की हा बुरशीचा वा विषाणूचा रोग नसून जस्ताची कमतरता आहे. जस्त सल्फेट आणि चुना यांच्या द्रावणाची फवारणी करताच पीक सावरले. तेथे नत्राची मात्रा कितीही वाढविली असती, तरी ती आखूड फळी लांब झाली नसती.

महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त जमिनीत उसावर पडणारा ‘केवडा’ही असाच. जमिनीत लोह भरपूर असते, पण विम्लतेमुळे ते विरघळत नाही आणि कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. नत्राच्या कमतरतेत पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर प्रथम येतो. कारण पीक नत्र जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. लोह असे हलविता येत नाही, म्हणून त्याची उणीव वरच्या कोवळ्या पानांवर दिसते. पान वरचे की खालचे, एवढे निरीक्षणही युरियाचा एखादा अनावश्यक हप्ता वाचवू शकते.

१ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांसाठी पोषणद्रव्याधारित अनुदान योजना लागू झाली, पण युरिया तीबाहेर राहिला. तुलनेने स्वस्त आणि चार दिवसांत शेत हिरवेगार करणारा युरिया मग हात सैल सोडून वापरला गेला. केवळ नत्रावर पोसलेले पीक लुसलुशीत होते, लोळते आणि किडीला लवकर बळी पडते. हिरवेपणा म्हणजे उत्पादन नव्हे.

खत मुळाशी पोहोचविण्याचे उपाय

वरील शास्त्रातूनच उपाय निघतात. स्फुरद हलत नाही, म्हणून ते पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली पेरून द्यावे. नत्र निसटते, म्हणून ते पिकाच्या वाढीच्या अवस्थांनुसार हप्त्यांनी, वाफसा असताना द्यावे आणि मातीआड करावे. ठिबकातून विद्राव्य खते दिल्यास पाणी आणि अन्न दोन्ही थेट मुळांच्या कक्षेत पडतात.

भातासाठी डॉ. ना. कृ. सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यभागी चिखलात खोल खोचल्या जातात. चिखलाच्या त्या थरात प्राणवायू नसल्याने अमोनियमचे नायट्रेट होत नाही, ते मातीला धरून राहते आणि भाताची मुळे सावकाश ते घेतात. खत तेच, केवळ जागा बदलल्याने गळती थांबते.

आता शेणखताच्या प्रश्नाकडे. शेणखत, गांडूळखत किंवा ताग-धैंच्याचे हिरवळीचे खत अन्न तर देतेच. परंतु त्याचे खरे मोल सेंद्रिय कर्ब वाढविण्यात आहे. कर्ब वाढला की माती भुसभुशीत होते, हवा खेळते, ओल टिकते, अन्न धरून ठेवण्याची ताकद वाढते आणि जिवाणू-बुरशी जगतात. रासायनिक खत म्हणजे रक्कम, तर सेंद्रिय कर्ब म्हणजे ती रक्कम सांभाळणारी तिजोरी. तिजोरीच गळकी असेल, तर भरणा कितीही केला तरी शिल्लक दिसणार नाही.

या साऱ्याचा आरंभ मात्र मृदापरीक्षणापासून व्हावयास हवा. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृद आरोग्य पत्रिका योजनेचा शुभारंभ झाला. या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा १२ बाबींची नोंद असते. नमुना योग्य असेल, तरच नोंद खरी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोलीचा खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती एकत्र करावी, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत ही क्रिया करावी. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा टाळावा; नुकतेच खत दिलेल्या शेतातील नमुना घेऊ नये.

शाखा आणि शिवार

बँकेच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. पीककर्जाचे तारण कागदावर काहीही असले, तरी परतफेडीचा उगम शिवारातच असतो. गरज नसलेल्या खतावर खर्च झालेला रुपया शेतकऱ्याच्या व्याजात भर घालतो, उत्पन्नात नाही. आणि एखाद्या आखूड फळीकडे दुर्लक्ष झाले, तर बाकी साऱ्या खर्चावर पाणी पडते. कर्जप्रकरणाच्या वेळी किंवा शेतभेटीत अधिकाऱ्याने मृद आरोग्य पत्रिकेची सहज विचारपूस केली आणि ती नसल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा किंवा कृषी विभागाच्या प्रयोगशाळेचा पत्ता दिला, तर तीही ग्राहकसेवाच ठरेल. शेतकरी ग्राहकांनीही पासबुकातील शिल्लक ज्या आस्थेने पाहिली जाते, त्याच आस्थेने ही पत्रिका वाचावी. पेरणीपूर्वी नमुना तपासून घेणे, पत्रिकेनुसार खताची यादी करणे आणि मगच दुकानाची पायरी चढणे, हा क्रम येत्या हंगामापासून पाळला गेला, तरी कर्जाऊ रकमेतून घेतलेल्या पोत्यातील पुष्कळ अधिक अन्न मुळाच्या मुखी पडेल.